चौदा दिवस छातीवर टिकणारा ईसीजी पॅच: सोलापुरातल्या नवशिक्यांसाठी

दवाखान्यात काढलेला ईसीजी साधारण दहा सेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात हृदय नीट चाललं तर कागद नॉर्मल येतो आणि माणूस घरी परततो. पण एखाद्याला आठवड्यातून एकदाच, तेही पहाटे, दोन-चार मिनिटं धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि रिक्षा करून दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत झालेलं असतं. एट्रियल फिब्रिलेशन नावाचा ठोक्यांचा आजार बऱ्याचदा असाच येतो-जातो. त्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे गेली तर लकवा मारू शकतो. असा ठोका पकडायचा तर यंत्र दिवसरात्र अंगावरच हवं.

अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांनी १९४०च्या दशकात हे पहिल्यांदा करून दाखवलं, तेव्हा पाठीवरच्या त्या यंत्राचं वजन सुमारे ३८ किलो होतं. आज तेच काम काही ग्रॅमच्या पट्टीत, म्हणजे पॅचमध्ये मावतं. अशी पट्टी सोलापुरात बसून, डिप्लोमाच्या किंवा इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला शिकण्यासाठी बनवता येते. आर्डुइनोवर (शिकण्यासाठीच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर) एलईडी लुकलुकवता येतो आणि सोल्डरिंगची भीती वाटत नाही, एवढी तयारी पुरते.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. हे शिकण्याचं उपकरण आहे, कुणाच्या उपचाराचा निर्णय त्यावर घ्यायचा नाही. शिवाय दोन-तीन इलेक्ट्रोडच्या (कातडीला चिकटवून हृदयाची विद्युत लाट टिपणाऱ्या चकत्यांच्या) पट्टीवर हार्ट अटॅक ओळखता येत नाही, त्यासाठी बारा लीडचा, म्हणजे हृदयाकडे बारा बाजूंनी बघणारा ईसीजी लागतो. छातीत कळ आली, घाम फुटला, हात भरून आला तर पट्टीकडे बघत बसू नका, १०८ ला फोन करा.

पहिली पायरी: सेलचा हिशेब कागदावर

नवीन मुलं आधी सेन्सर विकत घेतात, मग प्रोग्रॅम लिहितात, आणि सेल किती दिवस चालेल हा प्रश्न सादरीकरणाच्या आदल्या रात्री येतो. हा क्रम उलटा करा. लांब पल्ल्याच्या उपकरणात बाकीची सगळी रचना सेल ठरवतो.

सीआर२०३२ हा बटन सेल साधारण २२० मिलीअँप-तासांचा असतो. शेवटचा थेंबही वापरता येईल असं धरू नका, ८० टक्के धरा, म्हणजे १७६. चौदा दिवस म्हणजे ३३६ तास. भागाकार केला की सरासरी ०.५२ मिलीअँप, म्हणजे ५२० मायक्रोअँप हाती लागतात. सेन्सर, प्रोसेसर, मेमरी, ब्लूटूथचा रेडिओ या सगळ्यांना मिळून एवढाच खुराक आहे. बोर्डावर शोभेसाठी लावलेला एक एलईडी सहज १ मिलीअँप खातो, म्हणजे एकटाच बजेटच्या दुप्पट. म्हणून तयार बोर्ड आणला की त्यावरचे दिवे काढून टाकणं हे माझ्या मते पहिलं काम.

दुसरी पायरी: काय मोजायचं आणि कशाने

मनगटावरची घड्याळं हिरवा प्रकाश कातडीवर टाकून रक्ताची लाट मोजतात. हात हलला की ती लाट बिघडते, आणि एलईडी सतत पेटवावे लागतात. ठोक्यातला घोळ नेमका कुठला हे डॉक्टरांना कळायचं असेल तर हृदयाची विद्युत लाट, म्हणजे ईसीजीच लागतो. मी नवशिक्याला ईसीजीच सुचवतो.

ही लाट कातडीवर जेमतेम १ मिलिव्होल्टची असते. त्यातली सुरुवातीची छोटी पी लाट तर ०.१ ते ०.२ मिलिव्होल्ट. तिला मोठं करायला एडी८२३२ ही चिप चांगली. ती २ ते ३.५ व्होल्टवर चालते आणि सुमारे १७० मायक्रोअँप घेते. तिचं तयार मॉड्यूल (चिप बसवलेला छोटा बोर्ड) स्वस्तात मिळतं आणि ते लाट सुमारे १,१०० पट मोठी करतं, म्हणजे १ मिलिव्होल्टचे १.१ व्होल्ट होतात. पुढे हात बसला की मॅक्स३०००३ बघा. ती चिप आकडे करूनच देते, दोन ठोक्यांमधलं अंतरही स्वतः काढते, आणि मायक्रोवॉटमध्ये मोजावी इतकी कमी वीज घेते.

प्रोसेसरच्या बाबतीत बहुतेकांच्या हातात ईएसपी३२ असतो, कारण तो सगळीकडे मिळतो. टेबलावर शिकायला तो ठीक आहे. पण त्याचा रेडिओ चालू असताना प्रवाह शंभर मिलीअँपच्या घरात जातो आणि बटन सेल त्यापुढे लगेच मान टाकतो. अंगावर घालायला एनआरएफ५२८३२ किंवा त्याच घराण्यातली चिप घ्या. तिचा ब्लूटूथ रेडिओ सुमारे ५ मिलीअँपवर चालतो, आणि झोपेत ती दोन-तीन मायक्रोअँपवर राहते. असे बोर्ड इथल्या दुकानात नेहमी असतीलच असं नाही. ऑनलाइन मागवा, आणि दोन मागवा. एक जळाला तर पार्सलची वाट बघण्यात आठवडा जातो.

एडी८२३२ चे १७० वजा केले की आपल्या ५२० पैकी ३५० मायक्रोअँप उरतात. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तिसरी पायरी: अंगाला लावण्याआधी

इलेक्ट्रोड अंगावर असताना उपकरण फक्त सेलवर चाललं पाहिजे. चार्जरला लावलेल्या लॅपटॉपची यूएसबी वायर आणि छातीवरचे इलेक्ट्रोड एकाच वेळी कधीही जोडू नका. स्वस्त चार्जरमध्ये बिघाड झाला तर घरातली २३० व्होल्टची वीज थेट छातीपर्यंत पोचण्याची वाट तुम्हीच उघडलेली असते. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या घरांत अर्थिंगचा पत्ता नसतो, त्यामुळे हा धोका पुस्तकातला समजू नका. प्रोग्रॅम भरायचा तर आधी इलेक्ट्रोड काढा. आकडे बघायचे तर ब्लूटूथवर बघा.

दुसरं, बटन सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर दोन-एक तासांतच अन्ननलिकेला भाजल्यासारखी जखम होऊ शकते. सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारंच ठेवा.

चौथी पायरी: कातडी

या पायरीवर जितका वेळ द्याल तितका पुढे वाचेल. मुलं फिल्टर बदलत राहतात, प्रोग्रॅममध्ये चुका शोधत राहतात, आणि खोट असते ती इलेक्ट्रोड कातडीला नीट न चिकटल्याची.

जेल असलेले चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचे चिकट इलेक्ट्रोड घ्या, औषधांच्या मोठ्या दुकानात किंवा सर्जिकल दुकानात मिळतात. लावायची जागा साबण-पाण्याने धुवा, पूर्ण कोरडी करा. केस असतील तर कापून घ्या. खरखरीत टॉवेलने जागा हलकेच पुसा, म्हणजे वरची मेलेली कातडी निघते आणि संपर्क सुधारतो. टॉवेल तर आपल्या गावात घरोघरी आहेत. तेल, पावडर, व्हिक्स यातलं काहीही त्या जागी नको. मॉड्यूलच्या तीन वायरींपैकी एक उजव्या खांद्याच्या हाडाखाली, एक डाव्या बाजूला तशीच, आणि तिसरी उजव्या बाजूला बरगड्यांच्या खालच्या अंगाला. वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे रंगावर न जाता टोकावरची अक्षरं वाचा. प्रत्येक वायरीला छोटा वळसा देऊन तो वळसा टेपने छातीला चिकटवा. मग वायर ओढली गेली तरी झटका टेपला बसतो, इलेक्ट्रोडला बसत नाही.

आता सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. घामाने चिकटपणा सुटतो, आणि दोन इलेक्ट्रोड जवळजवळ असतील तर घामाचा ओघळ त्यांना एकमेकांशी जोडून टाकतो. मग लाट बारीक होत जाते, आणि बघणाऱ्याला वाटतं चिपच बिघडली. उलट कोरड्या हवेत, पंख्याखाली, जेल वाळतं. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेलं इलेक्ट्रोडचं उघडं पाकीट दुपारभरात वाया जातं. पाकिटाचं तोंड दुमडून, क्लिप लावून, गार जागी ठेवा. उपकरण चौदा दिवस तेच राहतं, पण इलेक्ट्रोड रोज बदला, आणि प्रत्येक वेळी दोन बोटं बाजूला सरकवून लावा, म्हणजे त्याच जागेची आग होणार नाही. खाज किंवा लाल चट्टा दिसला तर पट्टी काढायची, त्यात तडजोड नाही.

चाचणी एसीत बसणाऱ्या मित्रावर घेऊन थांबू नका. यंत्रमागावर उभं राहून काम करणाऱ्याचे हात दिवसभर वर-खाली होतात. मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणारी बाई तासन्‌तास पुढे वाकून बसते, तिथे छातीची कातडी दुमडते आणि इलेक्ट्रोडची कड उचलली जाते. कामाची पद्धत विचारून जागा ठरवा. बायकांना पट्टी लावायला बाईच हवी. आणि सूचनांचा कागद मराठीसोबत तेलुगू आणि कन्नडमध्येही द्या. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू आजीला तिच्या बोलीत सांगितलं तर ती पट्टी नीट सांभाळते.

इथेच मनात येतं ते सांगतो. चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनच्या धाग्याचे इलेक्ट्रोड कापडातच विणता येतात, जेलची गरज कमी होते. जगभर यावर काम चालू आहे. विणकाम ज्या गावाच्या हाडामासात आहे, ज्याच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी शेजारच्या मागवाल्याकडे जाऊन बसावं असं मला फार वाटतं. पण तो दुसरा प्रकल्प. आधी जेलवाल्या इलेक्ट्रोडवर शिका.

पाचवी पायरी: खरखर

लाट दिसू लागली की तिच्यावर बारीक दाते दिसतील, सेकंदाला ५० या गतीने. ही घरातल्या विजेची खरखर. शेजारच्या खोलीत माग चालू असेल तर ती आणखी जाड होते. तिसरा इलेक्ट्रोड याच कामाचा आहे: चिप त्यातून अंगात उलटा इशारा देऊन ही खरखर दाबते. तो सैल असला की सगळं बिघडतं. वायरी जितक्या आखूड तितकं बरं, आणि त्या एकमेकींना पीळ देऊन न्या. मॉड्यूलवरचा फिल्टर ४० हर्ट्झच्या वरचं कापतो, पण ५० हर्ट्झ त्याला खेटूनच असल्याने पूर्ण जात नाही. उरलेलं प्रोग्रॅममध्ये कापा.

चालताना, कूस बदलताना लाट वर-खाली डोलते, ती वेगळी गोष्ट. ती पूर्ण घालवायच्या मागे लागू नका, त्या तुकड्यावर ‘हालचाल’ अशी खूण करा. काही मायक्रोअँप घेणारा एक्सेलरोमीटर (हालचाल मोजणारा सेन्सर) त्यासाठी पुरतो. तसंच मॉड्यूलवर इलेक्ट्रोड सुटल्याचं सांगणाऱ्या दोन पिना असतात, त्या नक्की जोडा. नाहीतर निघालेला इलेक्ट्रोड आणि थांबलेलं हृदय, दोन्ही आलेखावर सारखीच सपाट रेघ दाखवतात.

सहावी पायरी: सेकंदाला २५६

आकडे किती वेळा घ्यायचे? २५० हा बऱ्याच ठिकाणी दिसणारा आकडा. मी २५६ घ्यायला सांगतो, कारण झोपेतही चालू राहणारं चिपचं घड्याळ ३२,७६८ हर्ट्झचं असतं आणि त्याला १२८ ने भागलं की बरोबर २५६ येतात. २५० ने पूर्ण भाग जात नाही.

प्रत्येक आकड्यासाठी प्रोसेसरला जागं करू नका. एनआरएफ५२ घराण्यातल्या चिपमध्ये घड्याळाचा टोला थेट एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला) देता येतो आणि एडीसी आकडा स्वतः मेमरीत टाकतो. प्रोसेसर सेकंदातून एकदा उठून भरलेली बादली उचलतो आणि पुन्हा झोपतो. हा भाग शिकायला सगळ्यात अवघड आहे, आणि पुढचे चौदा दिवस बऱ्याच अंशी याच्यावर उभे राहतात. घाई न करता समजून घ्या.

ठोका ओळखण्यासाठी पॅन आणि टॉम्पकिन्स या संशोधकांची १९८५ची पद्धत आजही नवशिक्याला सर्वांत चांगली. लाटेतून साधारण ५ ते १५ हर्ट्झचा पट्टा घ्यायचा, तिचा चढ काढायचा, वर्ग करायचा, सुमारे १५० मिलिसेकंदांच्या खिडकीत सरासरी घ्यायची, आणि मर्यादा सतत बदलत ठेवून शिखर पकडायचं. एक शिखर मिळालं की पुढचे २०० मिलिसेकंद दुसरं मानायचं नाही, कारण हृदयाला इतक्या लवकर पुन्हा ठोका देता येत नाही. मूळ पद्धतीतल्या फिल्टरचे गुणक सेकंदाला २०० आकड्यांसाठी आहेत, ते २५६साठी नव्याने काढावे लागतात.

हे तपासायला माणूस लागत नाही. एमआयटी-बीआयएच नावाचा ईसीजीचा संग्रह फिजिओनेट या संकेतस्थळावर मोफत आहे: अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी, सेकंदाला ३६० आकडे, प्रत्येक ठोक्यावर जाणकारांनी केलेली खूण. त्या नोंदी २५६ वर आणून तुमच्या प्रोग्रॅमला खाऊ घाला आणि किती ठोके सुटले, किती फुकट मोजले ते बघा. इथे उत्तीर्ण झाल्याशिवाय छातीवर लावायची घाई नको.

सातवी पायरी: रेडिओला गप्प ठेवणं

सेकंदाला २५६ आकडे, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे ५१२ बाइट. दिवसाचे सुमारे ४४ मेगाबाइट, चौदा दिवसांचे ६०० च्या वर. हे सगळं हवेतून पाठवायचं का?

ब्लूटूथ लो एनर्जीचं नेहमीचं पॅकेट २० बाइटचं असतं. त्या मापाने सेकंदाला पंचवीस-सव्वीस पॅकेटं होतात. एकेका पॅकेटला रेडिओ ढोबळमानाने २ मिलिसेकंद ५ मिलीअँपवर चालला असं धरा: सरासरी सुमारे २५० मायक्रोअँप एकट्या रेडिओला. उरलेल्या ३५० मधून २५० गेले. ब्लूटूथ ४.२ पासून पॅकेट लांब करता येतं, २४४ बाइट भरता येतात. मग सेकंदाला दोनच पॅकेटं. प्रत्येकाला ४ मिलिसेकंद लागले तरी सरासरी ४० मायक्रोअँपच्या आसपास. काम तेवढंच, फक्त बोलणं कमी वेळा. पॅकेटच्या सुरुवातीला क्रमांक टाका, म्हणजे वाटेत काय हरवलं ते कळतं.

पण त्याहून मोठी बचत न पाठवण्यात आहे. मिनिटाला ७२ या हिशेबाने दिवसात एक लाखाच्या वर ठोके होतात. ठोक्यांमधलं अंतरच ठेवलं तर दिवसाला दोनशे किलोबाइट पुरतात. म्हणून माझा आग्रह असा: ठोके पट्टीवरच ओळखा, अंतरं मिनिटातून एकदा पाठवा, आणि पूर्ण लाट तेव्हाच पाठवा जेव्हा अंतरं अनियमित होतील किंवा घालणारा स्वतः बटण दाबेल. बटणाच्या आधीची ३० सेकंदं मेमरीत धरून ठेवा, कारण माणूस बटण दाबतो तोवर घटना सुरू होऊन गेलेली असते.

शरीरात पाणी भरपूर असतं आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ते गिळतं. छातीवर पट्टी आणि मागच्या खिशात फोन असला की जोडणी तुटते, झोपेत पालथं पडलं तरी तुटते. अँटेना बाहेरच्या बाजूला ठेवा, तिच्याखाली सेल किंवा तांब्याचा थर येऊ देऊ नका. तरीही तुटणारच हे धरून छोटी फ्लॅश मेमरी जोडा. १६ मेगाबाइटमध्ये पूर्ण लाट नऊ तास मावते, म्हणजे एक रात्र निभते.

ब्लूटूथवर दिसणाऱ्या नावात माणसाचं नाव कधीही टाकू नका. ते शेजारपाजारच्या प्रत्येक फोनवर दिसतं. जोडणी कूटबद्ध ठेवा.

आठवी पायरी: प्रवाह मोजणं

साध्या मल्टिमीटरवर विश्वास ठेवू नका. रेडिओचा झटका काही मिलिसेकंदांचा असतो, मीटर तो पकडत नाही. शिवाय मायक्रोअँपच्या रेंजवर मीटर स्वतःच व्होल्टेज पाडतं आणि झटक्याला बोर्ड रीसेट होतो. १० ओहमचा रेझिस्टर सेलसोबत एकापुढे एक लावा आणि त्यावरचं व्होल्टेज कॉलेजच्या ऑसिलोस्कोपवर बघा: ५ मिलीअँपला ५० मिलिव्होल्ट दिसतील. पॉवर प्रोफायलर (बदलता प्रवाह सतत नोंदवणारं यंत्र) मिळालं तर काम फारच सोपं. सेलच्या अगदी जवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, म्हणजे झटक्याच्या वेळी सेलचं व्होल्टेज कोसळत नाही. वहीतल्या ५२० शी मोजलेली सरासरी ताडून बघा. जास्त आली तर एकेक भाग बंद करत चोर शोधा.

नववी पायरी: माणसावर, आणि डॉक्टरांकडे

स्वतःवर आणि मित्रांवर लावून शिका. रुग्णांवर लावायचं असेल तर गोष्ट बदलते: वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांना सोबत घ्या, नैतिकता समितीची लेखी परवानगी घ्या, घालणाऱ्याची सही घ्या. आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम २०१७चे आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या कक्षेत आली आहेत. त्यामुळे बनवलं आणि विकलं असं करता येत नाही.

घालणाऱ्याला एक छोटी वही द्या: कधी धडधडलं, तेव्हा काय करत होता, कुठली गोळी घेतली. पट्टीचं घड्याळ मात्र हळूहळू सरकतं. दहा लाखात २० भागांची चूक असली तर चौदा दिवसांत २४ सेकंद होतात, म्हणून फोनशी जोडणी झाली की दर वेळी वेळ जुळवून घ्या.

डॉक्टरांकडे रंगीत आलेख नेऊ नका. त्यांची नजर ज्या कागदावर बसलेली आहे तसाच छापा: सेकंदाला २५ मिलिमीटर, एका मिलिव्होल्टला १० मिलिमीटर, मागे चौकटी. लहान चौकट ०.०४ सेकंदांची, मोठी ०.२ ची. डाव्या कडेला १ मिलिव्होल्टची उभी खूण, वर तारीख-वेळ, आणि जिथे हालचाल होती किंवा इलेक्ट्रोड सुटला होता तिथे तसं स्पष्ट लिहिलेलं. वहीतल्या नोंदीच्या वेळेचा आलेख सगळ्यात वर ठेवा, डॉक्टर तोच आधी मागतात.